इनातोरीचं ऱ्योकान, आई, आणि ताई तुम्ही

प्रिय ताई,

फोनवर थँक्यू म्हणलं तर तुम्ही "अगं त्यात काय एवढं, दोन फोन तर केले" म्हणून विषयच बदललात, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही हे माहितीये, पण टोकियोत निशी-कसाईला राहणाऱ्या आपल्या मंडळींना बरोबर कळेल कोणाबद्दल चाललंय ते.

दोन फोन नव्हते ते ताई. आपली ओळख ती किती, मावसबहिणीच्या ग्रुपवरून तुमचा नंबर मिळालेला, मी आपलं सहज विचारलं की आईला घेऊन जपानला येतोय तर समुद्राकाठचं, गरम पाण्याच्या झऱ्याचं एखादं ऱ्योकान, म्हणजे जुन्या जपानी पद्धतीचं हॉटेल, सुचवा, छोटंसं असू दे पण एकदम छान असू दे, एवढा खर्च आपण परत परत थोडीच करणारे. मला वाटलं तुम्ही एखादी लिंक पाठवाल. तुम्ही उलट मलाच विचारत बसलात. आईंना मांडी घालता येते का, जमिनीवरून उठताना आधार लागतो का, बीपीची गोळी चालू आहे का, मासे नाही खात तर माशाचं पाणी चालेल का, अंडं? आणि मग जरा थांबून, आईंच्या अंगावर कुठे गोंदण आहे का गं?

खरं सांगू, हे पत्र त्या शेवटच्या प्रश्नासाठीच लिहितेय.

आईच्या हनुवटीवर ठिपके आहेत आणि उजव्या हातावर मनगटाच्या वर तुळशीवृंदावन, लहानपणी जत्रेत आजीने गोंदवून घेतलेलं, आता हिरवट निळं पडलंय. आमच्या घरात त्याकडे कोणी वेगळं बघतसुद्धा नाही, ते आईच्या हातावर आहेच, बस. पण जपानात अंगावरच्या गोंदणाचा संबंध लोक याकुझाशी, म्हणजे तिथल्या गुंडांच्या टोळ्यांशी लावतात आणि त्यामुळे कितीतरी ओन्सेनमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या स्नानगृहांत, दारातच बोर्ड असतो की टॅटू असेल तर प्रवेश नाही. 2013 साली होक्काइदोमध्ये न्यूझीलंडहून आलेल्या एका माओरी बाईंना चेहऱ्यावरच्या त्यांच्या परंपरेच्या गोंदणामुळे सार्वजनिक स्नानगृहात घेतलं नव्हतं, त्याची तेव्हा केवढी बातमी झाली होती, हेही तुम्हीच सांगितलंत. तुम्ही आईच्या हाताचा फोटो मागवलात, जपानीत लिहून दिलंत की ही आमच्याकडच्या जुन्या बायकांची रीत आहे, देवाधर्माचं आहे, आणि एकेका ऱ्योकानला फोन करून आधीच स्पष्ट विचारलंत. काही ठिकाणी नम्रपणे नाही ऐकून घेतलंत, एका ठिकाणी हातावर पट्टी चिकटवा म्हणाले आणि हनुवटीचं काय करायचं ते त्यांनाही कळेना. मग इझुच्या किनाऱ्यावर, इनातोरी गावातल्या या छोट्या ऱ्योकानच्या ओकामी, म्हणजे तिथल्या मालकीणबाई, म्हणाल्या की खोलीला स्वतःचं उघड्यावरचं कुंड आहेच, आणि त्यांना मोठ्या कुंडात यायचं असेल तर तेवढा वेळ आम्ही ते त्यांच्यासाठीच राखून ठेवू.

यातलं काहीही आईला आजपर्यंत माहीत नाही. ती हे वाचणारही नाही, फोनवर ती फक्त अभंग ऐकते. तिला कोणी दारात थांबवलं नाही, हाताकडे टक लावून बघितलं नाही, एक वाक्य समजावून सांगायची वेळ तिच्यावर आली नाही. जे काय ऐकायचं ते तिच्या वाटणीचं तुम्ही आधीच ऐकून घेतलं होतंत.

प्रवास मस्त झाला. तुम्ही सांगितलेली साफिर ओदोरिको ट्रेनच घेतली, टोकियोहून थेट, कुठे बदलायची कटकट नाही, आणि डावीकडच्या सीट घ्या म्हणालात ते फार बरं झालं कारण आतामीनंतर समुद्र जो खिडकीत आला तो अधूनमधून बोगद्यात गायब होऊन परत परत येत राहिला. इतो ते शिमोदा ही लाईन 1961 ला सुरू झाली म्हणे, त्याआधी या बाजूला यायचं म्हणजे डोंगरातून किंवा बोटीने, बघूनच कळतं का ते, डोंगर एकदम पाण्यातच उतरलाय. कावाझूचा तो लवकर फुलणारा साकुरा पण बघितला, खूप सुंदर आणि खूप गर्दी, त्याबद्दल सगळेच लिहितात म्हणून मी लिहीत नाही.

ऱ्योकान म्हणजे मोजक्या खोल्या, बाहेरून बघाल तर इथे एवढं काही असेल वाटणार नाही. दारात चपला काढल्या तशी आई खूष, म्हणे हे बरंय, आपल्यासारखं. ज्या नाकाई-सान आमच्या खोलीचं सगळं बघत होत्या त्या साधारण माझ्या वयाच्या असतील. खोलीत तातामी, म्हणजे गवताच्या जाड चटया, पण त्यावर गादीऐवजी बुटका पलंग घातलेला, आणि जेवायला ती बिनपायाची जपानी खुर्ची नाही तर नीट उंच खुर्ची आणि टेबल. आम्ही काही मागितलंच नव्हतं. मी जरा बघतच राहिले तर त्यांनी फोनवर ट्रान्सलेट करून दाखवलं, टोकियोच्या बाईंनी गुडघ्यांचं सांगितलं होतं. टोकियोच्या बाई म्हणजे तुम्ही!

युकाता, म्हणजे तो सुती किमोनो, नेसवताना त्यांनी आधी उजवी बाजू आत घेतली मग डावी वरून, उलटं फक्त मेलेल्या माणसाला नेसवतात हे तुमच्या व्हॉइस मेसेजमधून आईला आधीच पाठ होतं, तीच नवऱ्याला ओरडत होती, अहो जावईबापू, डावी वर, डावी वर!

आता जेवण. ताई, लोकांना हे सांगायलाच हवं कारण बाहेर फिरायला जाणारे आपले शाकाहारी लोक इथेच अडकतात. जपानात व्हेज म्हणून सांगितलं तर मासा काढतात पण बऱ्याचदा दाशी राहते, म्हणजे वाळवून धुरवलेल्या बोनिटो माशाच्या पातळ कपच्यांचं पाणी, ते मिसो सूपमध्ये असतं, उकडलेल्या भाजीत असतं, टेंपुराच्या चटणीत असतं. आई माळकरी. तिला कळलं नसतं हे खरं, पण मला कळलं असतं आणि घास घशाखाली उतरला नसता. तुम्ही त्यांच्या शेफशी बोलून कोंबू, म्हणजे ते समुद्री शेवाळ, आणि वाळलेल्या शिताके मशरूमची वेगळी दाशी करायला लावलीत, आणि असं की फक्त आईच्या ताटासाठी नाही तर माझ्यासाठी पण, कारण तिला एकटीला वेगळं वाढलेलं तिला आवडणार नाही. हे तुम्हाला कसं सुचलं?

तिळाचं तोफू, मिसो लावून भाजलेलं वांगं, सोयाबीनच्या दुधाची साय, डोंगरातल्या कोवळ्या कडू कळ्यांचा टेंपुरा, टेबलावरच छोट्या भांड्यात शिजणारा भात. नवऱ्याने किन्मेदाई खाल्ला, इनातोरी त्या लाल माशासाठीच प्रसिद्ध आहे, गोडसर सोया सॉसमध्ये शिजवलेला, तो अजून त्याचंच बोलतोय. पण आईचा जीव अडकला तो वासाबीत. आमागीच्या डोंगरातलं वाहत्या थंड पाण्यात वाढलेलं ताजं मूळ आणलं, हिरवं, गाठीगाठीचं, आणि शार्कच्या कातडीची छोटी किसणी. नाकाई-साननी आईच्या हातात दिलं आणि गोल गोल, हळू, अजिबात जोर न लावता किसायचं हे स्वतःच्या हाताने फिरवून दाखवलं. आईने किसलं, बोट लावून चाटलं, डोळ्यात पाणी, आणि म्हणाली, "अगं ही तर फेसलेली मोहरी!" मी नंतर बघितलं, खरंच वासाबी मोहरीच्याच कुळातली आहे. दुकानात ट्यूबमध्ये मिळतं त्यात बऱ्याचदा भर दुसऱ्याच मुळ्याचा असतो, त्यामुळे हा वास मलाही नवा होता. त्या दोघी मग कितीतरी वेळ बोलत होत्या, आई मराठीत, त्या जपानीत, विषय किसणीचा होता एवढं नक्की.

आणि पाणी. आईचं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं, तुरळची गरम पाण्याची कुंडं तिने लहानपणापासून बघितलेली, त्यामुळे तिला वाटलं इथेही तो गंधकाचा वास असणार. इथलं पाणी मात्र खारट, ओठाला लागलं की कळतं. या क्षारांचा थर कातडीवर राहतो आणि अंगातली ऊब लवकर निघून जात नाही, म्हणून बाहेर आल्यावरही कितीतरी वेळ पाय गरम राहतात. जपानात 1948 पासून ओन्सेनचा कायदाच आहे, जमिनीतून येताना पाणी निदान 25 अंश तरी हवं नाहीतर ठरवून दिलेल्या घटकांपैकी एखादा पुरेसा हवा, तरच त्याला ओन्सेन म्हणता येतं. आईला या सगळ्यापेक्षा एक गोष्ट पटली, की आधी स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ अंग धुवायचं आणि मगच कुंडात उतरायचं, छोटा टॉवेलसुद्धा पाण्यात बुडवायचा नाही. तिची काळजीच ती होती, एकाच पाण्यात सगळे म्हणजे कसं काय. बघितल्यावर म्हणाली, सोवळं आहे हो यांचं. आणि स्टूल उंच होतं, नेहमीचं बुटकं नाही. परत तुम्ही!

तुम्ही सांगितल्याप्रमाणे जेवणावर लगेच नाही, एका वेळी थोडाच वेळ, आधी पायावर पाणी मग खांद्यावर, वर आल्यावर ग्लासभर पाणी. बाबा गेल्यापासून आईची झोप गेली होती, गोळी घेऊनही पहाटे तीनला जागी. त्या रात्री ती सलग झोपली. मी उठून दोनदा बघून आले ती श्वास घेतेय ना. पहाटे उजाडायच्या आत ती आपणहून कुंडात जाऊन बसली, समोर इझु-ओशिमा बेट पुसट दिसत होतं आणि मग त्या बाजूनेच सूर्य आला, तिने पाण्यातूनच हात जोडले, गोंदणाचा हात, भिजलेला, आणि तिच्याकडे बघायला आमच्याशिवाय कोणी नव्हतं. मला रडू आलं ते तेव्हा नाही, नंतर ट्रेनमध्ये, तुमचा "पोचलात का, आई बऱ्या आहेत ना" मेसेज आला तेव्हा.

निघायच्या आधी गावात त्सुरुशी-बिना बघितलं, मुलगी झाली की तिच्या पहिल्या हिना सणाला, म्हणजे मुलींच्या बाहुल्यांच्या सणाला, आई-आज्या कापडाचे छोटे छोटे ससे, फुलं, पीच शिवून दोऱ्याला टांगतात ते. आईने एक ससा उलटा करून टाके तपासले आणि पास केला. तुमच्या लेकीसाठी तिने तशी एक माळ शिवायला घेतलीये, माझ्या जुन्या रेशमी ब्लाउजच्या तुकड्यांची. ससे जमतायत, पीच अजून बटाट्यासारखे होतायत असं तिचंच म्हणणं आहे.

पैसे तर तुम्ही घेतले नाहीत. फोनचे पण नाही. ऱ्योकानची रक्कम मोठी होती आणि ती आम्ही आनंदाने दिली, पण त्या रकमेत हे सगळं आपोआप मिळत नाही हे मला चांगलं कळतंय, समोर कोणीतरी नीट सांगणारं लागतं आणि ऐकणारं पण. ओकामी-सानना आणि नाकाई-सानना वेगळं पत्र लिहिलंय, सोबत पाठवतेय, तेवढं जपानीत करून त्यांना पोचवाल का? हा अजून एक त्रास.

मे महिन्यात येणार म्हणालात ना इकडे, तर मुंबईवरून परत जाऊ नका. मामाच्या बागेतले हापूस तिकडे बॅगेत घालून नेता येत नाहीत हे माहितीये, म्हणून इथेच येऊन खायचे. स्टेशनला घ्यायला आम्ही येतो, फक्त तारीख कळवा, आई रोज विचारतेय.

तुमची,
इनातोरीवाली