रविवारी सकाळी ९ वाजता: किताजिमा यांच्या शर्यती पाहू

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळचं पोहणं आटोपलं की अंग पुसून थेट तलावाशेजारच्या हॉलमध्ये या. जपानचे निवृत्त ब्रेस्टस्ट्रोक (बेडकासारखं पोहणं) विजेते कोसुके किताजिमा यांच्या शर्यतींची चित्रफीत दाखवणार आहोत.

सिडनी २००० ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरला ते चौथे आले. पदक थोडक्यात हुकलं. पण अथेन्स २००४ आणि बीजिंग २००८, दोन्हीकडे १०० आणि २०० मीटरची सुवर्णपदकं त्यांनीच जिंकली. बीजिंगची १०० मीटरची वेळ ५८.९१ सेकंद, तेव्हाचा विश्वविक्रम. त्याच ऑलिम्पिकमध्ये आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडेही उतरला होता, हे मुलांना आवर्जून सांगा. रिओची पात्रता हुकल्यावर २०१६ मध्ये किताजिमा निवृत्त झाले.

बघायचं ते त्यांचं पाण्यातून सरकत जाणं (ग्लाइड). लाथ मारून झाली की हात पुढे, डोकं दोन्ही हातांच्या मध्ये, आणि शरीर बाणासारखं सरळ. घाई नाही. आपली मुलं इथेच चुकतात: लाथ पुरी व्हायच्या आतच हात ओढतात, पावलंही बाहेर वळवत नाहीत.

- मुलांसोबत एक पालक हवाच.
- ओले कपडे बदलूनच हॉलमध्ये यावं.
- वही-पेन आणा.
- येणाऱ्यांची नावं शनिवारी संध्याकाळपर्यंत ग्रुपवर टाका, खुर्च्या मांडायच्या आहेत.

नंतर तलावात अर्धा तास फक्त ब्रेस्टस्ट्रोकचा सराव. वळताना आणि संपवताना दोन्ही हात एकदमच टेकले पाहिजेत, एक हात टेकवला तर ती फेरी धरणार नाही.