खिडकीतून फेकायला एक आख्खा शब्द

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू म्हणालास ना की इंग्रजीत उगाच जड जड शब्द करून ठेवलेत, तेव्हापासून एक शब्द डोक्यात घोळतोय, डिफेनेस्ट्रेशन. अर्थ काय तर कुणाला तरी खिडकीतून बाहेर फेकणं. बस, एवढंच! आता हे काम लोक रोज थोडंच करतात की त्याला वेगळा शब्द लागावा?

पण प्रागमधे (चेक देशाची राजधानी) लागला ना. लॅटिनमधे फेनेस्त्रा म्हणजे खिडकी (जर्मन फेन्स्टर त्यातलाच) आणि आधी जोडलेला 'दे' म्हणजे तिथून बाहेर. १४१९ साली तिथल्या टाउन हॉलच्या खिडकीतून चिडलेल्या जमावाने कारभाऱ्यांना फेकलं, ते गेले बिचारे. पण गाजलं ते २३ मे १६१८ चं, प्रोटेस्टंट सरदार किल्ल्यात घुसले, बादशहाच्या दोन कॅथलिक कारभाऱ्यांशी कडाक्याचं भांडण झालं आणि स्लावाता नि मार्टिनित्स दोघांना उचलून खिडकीबाहेर, वर त्यांचा चिटणीस फाब्रिसियस पण गेला, त्याचा काय दोष देव जाणे. साधारण २१ मीटर खाली पडले आणि तिघंही वाचले! कॅथलिक म्हणाले देवदूतांनी झेललं, प्रोटेस्टंट म्हणाले कसले देवदूत, खाली उकिरडा होता. मला विचारशील तर देवदूतांपेक्षा उकिरडाच पटतो. यातूनच पेटलेलं युद्ध १६४८ पर्यंत चाललं, तीस वर्षं रे!

आणि कहर म्हणजे त्या चिटणिसाला बादशहाने नंतर सरदारकी दिली, किताब काय तर 'फोन होहेनफाल', म्हणजे उंचावरून पडण्याचे सरदार. मी हे वाचून एकटाच खो खो हसत बसलो.

मग म्हटलं इंग्रजांचं स्वतःचं विंडो कुठून आलं, तर जुन्या नॉर्स भाषेतल्या विंडाउगा वरून, वाऱ्याचा डोळा. आणि आपलं गवाक्ष बघ, गो अधिक अक्ष, गाईचा डोळा! एवढ्या लांबच्या दोन भाषांना भिंतीतल्या भोकात डोळाच दिसला, भारी ना?

हल्ली कॉम्प्युटरवाले विंडोज काढून टाकलं की त्यालाही गमतीने डिफेनेस्ट्रेशन म्हणतात, ते तुझ्या कामाचं.

मराठीत एका शब्दात काय म्हणायचं ते सुचलं तर कळव. मी 'गवाक्षपात' करून बघितला पण तो ग्रहणातला एखादा योग वाटतो.

तुझाच,
पक्या