मित्रास पत्र: तडा की ओरखडा?

प्रिय मित्रा,

तुझी पत्रं उत्तराविना पडून आहेत. शिव्या भेटल्यावर घाल. तब्येत बरी आहे, गोळ्या चालू. पुढे.

भंगारातून एक इंजिन उचललंय. घरच्यांचं ‘आणखी एक?’ म्हणून झालंय, त्यामुळे आता तूच.

उभा एकच सिलिंडर, दोन्ही बाजूंना आऱ्यांची जड चाकं, हेडवर कॉम्प्रेशन बदलायचा तो फिरता व्हॉल्व्ह. म्हणजे लिस्टर सीएस, ते जुनं ब्रिटिश डिझेल इंजिन, नाहीतर त्याची नक्कल. नावाची पितळी पट्टी माझ्याआधीच कुणीतरी उखडून नेलेली. बोअर साडेचार इंच, स्ट्रोक साडेपाच. साधारण 1430 सीसी. माप लिस्टरचंच, पण राजकोटलाही याच मापाची इंजिनं वर्षानुवर्षं बनत आलीत, तेव्हा मापावरून कूळ ठरत नाही. आटे व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे, 55 अंशांचे. मेट्रिक गेज त्यात बसतच नाही. झालं सिद्ध, म्हणशील. नाही रे! नक्कल करणारा आटेही नकलू शकतो. क्रँककेसचा तळ मात्र स्वच्छ निघाला, नकलांत राहून जाते ती ओतकामाची वाळू कुठे नाही, म्हणून माझी पैज अजून डर्स्लीवर, लिस्टरच्या इंग्लंडमधल्या मूळ कारखान्यावर. तू उलट पैज लावशीलच, तुझा स्वभाव.

पिस्टन जाम होता. डिझेल ओतून मुरू दिलं, मग लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोकत सोडवला. तू असतास तर घणच घेतला असतास. नानांच्या पंपाचं काय झालं ते मी विसरलेलो नाही, आणि नानाही नाहीत.

आता खरी गोष्ट. दोन चाकं एका इंजिनाची नाहीत. एकाचे आरे जाड आहेत, तुंबाही मोठा. म्हणजे कधीतरी दोन मेलेल्यांतून एक जिवंत केलंय. आणि त्या जाड चाकाच्या चावीच्या खाचेच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ आहे. रॉकेल लावलं, कोरडं पुसलं, वर खडू फासला. थोड्या वेळाने रेघ ओली उमटली. टांगून ठोकलं तर आवाज येतो, पण दुसऱ्या चाकाइतका लांबत नाही. आता जाड आऱ्यांमुळे नाद आखूड आहे की तड्यामुळे? माझा कान या बाबतीत तुझ्या पासंगालाही पुरत नाही, हे तुला लेखी देतोय, जपून ठेव.

पाच घोड्यांचं लिस्टर मिनिटाला 600 फेऱ्यांचं, सहाचं 650 चं. हे चाक कुठल्या वेगासाठी ओतलं होतं, कोण सांगणार? कडेवरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे नुसत्या त्या 50 फेऱ्यांनी 17 टक्के. आणि चाक बिडाचं, ओतीव लोखंडाचं. बीड वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतं. कारखान्यातला तो म्हणतो वेल्डिंग करून टाक. जाड तुंब्याला एकाच जागी उष्णता दिली, तर शेजारी नवा तडा जाईल, हे त्याला कोण समजावणार! बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात तसं तुंब्यावर पोलादी कडं तापवून चढवावं, असं एकदा वाटतं. दुसऱ्या दिवशी वाटतं, रेघ मुळात ओतकामातलाच ओरखडा असेल, उगाच उपद्व्याप. तिसऱ्या दिवशी वाटतं, चाकच बदलावं. पण मग हे इंजिन आणखी तिसऱ्याचं होईल, आणि मी कुळाच्या गोष्टी कुठल्या तोंडाने सांगू?

रंगाबद्दल बोलूच नकोस. मूळ हिरवा अजून जागोजागी शाबूत आहे, त्यावर तू तुझा तो चकचकीत ब्रश फिरवणार नाहीस. मागच्या इंजिनावरून आपण बोलणं टाकलं होतं, तेवढं पुरे.

तुझा गुडघा कसा आहे? मुलीचं लग्न ठरलं ते ऐकलं, फार छान! बदलीचं काय झालं? सविस्तर पुढच्या पत्रात विचारतो.

जमेल तेव्हा ये, आणि चाक स्वतः ठोकून ऐक. तोवर हँडल मारणार नाही. येताना व्हिटवर्थ पान्यांचा डबा आण. तो माझा आहे.

तुझाच,
(नाव कशाला, अक्षर ओळखशीलच)