आधी ओल काढा, मग रंग द्या

संपादक महोदय,

घर विकायला काढले की पहिला सल्ला मिळतो तो रंग देऊन घेण्याचा. त्यापुढचे सल्ले पडदे, अभ्रे आणि फुलदाण्यांचे असतात. घर पाहायला येणारा मात्र भिंतीचा खालचा कोपरा निरखतो, न्हाणीघराला लागून असलेली भिंत हाताने चाचपतो, खिडकीखालच्या फुगलेल्या रंगावर नख लावून बघतो. तिथे त्याला शंका आली की बाकीच्या सजावटीकडे तो संशयानेच पाहू लागतो. म्हणून खर्चाचा आणि वेळेचा मोठा वाटा आधी ओलीवर जावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

ओल्या भिंतीवरचा नवा रंग का टिकत नाही, हे समजून घ्यायला हवे. भिंतीतले पाणी बाहेर येताना विटा आणि सिमेंटमधले क्षार सोबत आणते. पाणी उडून जाते, क्षार रंगाच्या थरामागे साचतात आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. भिंतीवर दिसणारी पांढरी पूड ती हीच. पाणी नेमके कुठून येते हे पाहण्यासाठी साधारण दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवावे आणि दोन दिवस तसेच ठेवावे. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येत आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर ती खोलीतल्या हवेतली वाफ आहे. तिथे प्लंबर काही करू शकणार नाही, हवा खेळती ठेवावी लागेल आणि एक्झॉस्ट पंखा बसवावा लागेल.

पाणी भिंतीतूनच येत असेल तर न्हाणीघरातल्या टाइल्सच्या सांध्यांतले झिजलेले ग्राउट, भिंतीत दडलेला गळका पाइप, खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यातली फट आणि छताचा चुकलेला उतार या जागा आधी तपासाव्यात. गळती बंद झाल्यावरही भिंत लगेच सुकत नाही. खोलवर भिजलेल्या भिंतीला जाडीच्या दर इंचामागे महिनाभर धरावा, असा ढोबळ हिशेब आहे. दरम्यान सुटलेला रंग खरवडून काढावा आणि क्षार कोरड्या ब्रशने झाडावेत. ते पाण्याने धुतले तर विरघळून पुन्हा भिंतीत मुरतात. विक्रीपर्यंत भिंत सुकणार नसेल तर तिला रंग देऊ नये. गळती कुठे होती ते सांगावे, दुरुस्तीचे बिल आणि कामाचे फोटो दाखवावेत. घेणाऱ्याने या घरात आयुष्यभराची कमाई घातलेली असते. त्याच्यापासून ओल झाकणे म्हणजे त्याची फसवणूक आहे.

रंग द्यायचाच तर डागापुरता हात मारू नये. जुना रंग फिकटलेला असतो, त्यामुळे नवा ठिपका जास्तच उठून दिसतो. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत रंगवावी. चकचकीत रंगावर बाजूने उजेड पडला की पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दिसतो. फिकट, मॅट रंग तो सांभाळून घेतो. काम दोन आठवडे आधी संपवावे, म्हणजे वास निघून जातो.

वासाचे म्हणाल तर रूम फ्रेशनरचा दर्प आला की पाहणाऱ्याला वाटते, काहीतरी लपवले जात आहे. बंद घरात गटाराचा वास येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे नहाणी ट्रॅपमधले, म्हणजे न्हाणीघराच्या जमिनीतल्या जाळीखालच्या वाटीत साचून राहणारे, पाणी आटणे. हे पाणीच गटारातली हवा अडवून धरते. प्रत्येक जाळीत मगभर पाणी ओतावे. घर बरेच दिवस बंद राहणार असेल तर त्यावर चमचाभर तेल सोडावे, म्हणजे पाणी सावकाश आटते. बेसिन आणि ओटा यांच्यामधली फट बुजवणारे सिलिकॉन काळे पडले असेल तर त्यावर नवा थर चढवू नये, तो धरत नाही. जुने पात्याने पूर्ण काढून, स्पिरिटने पुसून, जागा कोरडी झाल्यावरच नवे भरावे आणि 24 तास पाणी लागू देऊ नये. टाइल्स घासताना ब्लीच आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र वापरू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. नुसते अ‍ॅसिडही ग्राउट खाते आणि संगमरवराची चकाकी घालवते.

उजेडाकडे फारच कमी लोक लक्ष देतात. एकाच खोलीत एक दिवा पिवळा आणि दुसरा निळसर पांढरा असला की भिंतीही दोन रंगांच्या वाटतात. बैठकीत आणि झोपण्याच्या खोलीत सगळे 3000 केल्विनचे (पिवळसर उजेडाचे), स्वयंपाकघरात 4000 केल्विनचे (पांढऱ्या उजेडाचे) दिवे ठेवावेत. खिडक्यांच्या काचा उन्हात पुसू नयेत. पाणी लगेच सुकून ओघळांचे डाग राहतात.

सामान कमी करताना ते कपाटांत कोंबू नये, कारण घर घेणारा कपाटे हमखास उघडतो. प्रत्येक कपाटाचा निदान तिसरा हिस्सा रिकामा दिसावा. ये-जा करायला 75 ते 90 सेंटिमीटर वाट मोकळी हवी. खोली पूर्ण रिकामीही करू नका. पलंग नसला की तो इथे मावेल का, याचा अंदाजच येत नाही. मोबाइलच्या वाइड लेन्सने खोली ऐसपैस दाखवणेही टाळावे. फोटोवर भुलून आलेला माणूस दारातच हिरमुसतो. छातीच्या उंचीवर फोन सरळ धरून, भिंतींच्या कडा उभ्या रेषेत ठेवून काढलेला फोटो पुरेसा असतो.

घर दाखवण्याच्या अर्धा तास आधी समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. दागिने, औषधे, किल्ल्या आणि बँकेची पत्रे आधीच कुलपात ठेवावीत. नळ सोडून बघू द्यावेत, दारे लावून बघू द्यावीत. घरच्यांपैकी एकानेच थांबावे आणि विचारल्याशिवाय मागे-मागे फिरू नये. मालक पाठीशी उभा असला की माणूस संकोचतो, भिंत चाचपत नाही आणि शंका मनात ठेवूनच निघून जातो.

आपले,
घरदुरुस्ती आणि अंतर्गत सजावटीच्या कामातील काही वाचक