इंजिन ५० हजाराचं, पण गाडी रस्त्यावर यायला किती लागतात तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये दुसरं इंजिन बसवण्यावर लेख आला होता, फोटो एकदम झकास, पण त्यात "५० हजारात इंजिन बदलून होतं" असं छापलंय म्हणून हे पत्र. मी कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर काम करतो. असल्या गाड्यांचे शाफ्ट, माउंटिंग, ब्रॅकेट अशी कामं आमच्याकडं येतात. ५० हजार ही नुसत्या इंजिनाची किंमत झाली, आणि तीसुद्धा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जाऊन नीट घासाघीस केली तर. पुढचं पोरांना कोण सांगतच नाही.

सॅन स्टॉर्मचंच घ्या. गोव्यात बनलेली, दोन सीटची, उघड्या टपाची, फायबर बॉडीची गाडी, आजपण रस्त्यात दिसली की लोक थांबून बघतात. तिच्यात रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, पॉवर साधारण ६० बीएचपी. आता इथं पार्ट मिळणं अवघड, मग कोणीतरी सुचवतं की मारुती एस्टीमचं १२९८ सीसीचं एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनचं) इंजिन टाक, ८५ बीएचपी मिळतील आणि पार्ट गल्लोगल्ली आहेत. ऐकायला बरोबरच वाटतं. पण गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह, पुढची चाकं ओढणारी, म्हणजे इंजिनाबरोबर गिअरबॉक्सपण मारुतीचा येणार, आणि मग ड्राइव्ह शाफ्टचं, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद चाकाला नेणाऱ्या दांड्याचं, आतलं टोक मारुतीच्या गिअरबॉक्सला बसायला पाहिजे आणि बाहेरचं टोक चाकाच्या मूळ हबला, आणि असा शाफ्ट बाजारात तयार मिळत नाही.

इथंच लोक पैसे वाचवायला जातात. दोन शाफ्ट मधोमध कापायचे आणि वेल्डिंग मारून जोडायचे, हजार-दोन हजारात काम. असले जोडलेले शाफ्ट मी हातात घेऊन बघितलेत, वरून ग्राइंडरनं इतके गुळगुळीत केलेले असतात की जोड दिसत नाही, पण ते हार्डन केलेलं स्टील असतं, वेल्डच्या शेजारचा भाग उष्णतेनं ठिसूळ होतो आणि तुटतो तो बरोबर तिथंच, तेही गाडी फुल जोरात असताना. नीट करायचं तर ईएन २४ या मजबूत स्टीलच्या बारमधून नवा शाफ्ट टर्न करायचा, दोन्ही टोकांना स्प्लाइन (अडकायच्या खाचा) पाडायच्या, हीट ट्रीटमेंट करायची आणि मग ग्राइंडिंग. जोडीचे १५ हजार तरी होतात आणि ते द्यायलाच पाहिजेत, त्यात तडजोड नाही.

मग बाकीचं सुरू होतं. माउंटिंग, गिअरची लिंकेज, सायलेन्सरचा पाइप नव्यानं, रेडिएटर आणि त्याचे होज, पेट्रोल पंपाचं प्रेशर, आणि वायरिंग तर विचारूच नका, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि हार्नेस (वायरचा जुडगा) दोन्ही, ज्या गाडीतून इंजिन काढलं त्या डोनर गाडीचे पूर्ण मिळाले नाहीत तर चांगल्या चांगल्या इलेक्ट्रिशियनचे दिवसच्या दिवस जातात. पॉवर वाढली म्हणजे ब्रेकपण बघायला लागतो. आमच्याकडच्या दरानं सगळं धरून दीड-दोन लाखाच्या खाली प्रामाणिक काम होत नाही. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच.

आणि एवढं करून गाडी कायदेशीर होते का? लेखात याच्यावर एक ओळ नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या माहितीशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हेच ठामपणे सांगितलं. कलम १८२अ मध्ये प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याच मेकचं त्याच टाइपचं इंजिन असेल तर आरटीओत रीतसर अर्ज करून नवा नंबर आरसीवर चढवायची सोय आहे, पण रेनॉच्या जागी मारुती म्हणजे वेगळाच विषय. १५ वर्षं झाल्यावर आरसी रिन्यू करायला गेलं की इंजिन नंबर तपासतात, आणि उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिलं बोट तिथंच ठेवतात. दोन लाख घातलेली गाडी मग दारात झाकून ठेवायची.

म्हणून माझं पोरांना सांगणं आहे की आधी मूळ इंजिन खोलून बघा. रेनॉचं हेच इंजिन युरोपात ट्विंगो आणि क्लिओमध्ये वर्षानुवर्षं होतं, रिंग, गॅस्केट, बेअरिंग तिकडून मागवता येतात. कुरिअर आणि कस्टम ड्युटी धरूनसुद्धा बोअरिंग, हेड फेसिंग करून इंजिन नवीन केलं तर इंजिन बदलण्याच्या निम्म्या खर्चात भागतं आणि आरसीला हात लावायला लागत नाही.

सरकारकडंपण एक मागणी आहे. जुन्या गाडीला बॅटरी-मोटरचं किट बसवायचं असेल तर एआयएस १२३ चं स्टँडर्ड आहे, मान्यताप्राप्त किट आहेत, रस्ता आखून दिलेला आहे. पेट्रोलच्या जागी दुसऱ्या कंपनीचं पेट्रोल इंजिन टाकायला असं काहीच नाही. कॅलिफोर्नियासारख्या प्रदूषणाबाबत कडक राज्यातसुद्धा इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा नवीन पाहिजे, त्याची प्रदूषणाची सगळी उपकरणं जागेवर पाहिजेत, आणि रेफरी, म्हणजे तिथला अधिकृत तपासनीस, स्वतः तपासून गाडीवर लेबल लावतो. आपल्याकडं पुण्यात एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे, असा तपासणीचा मार्ग काढायला काय हरकत आहे, फी घ्या, शाफ्ट-ब्रेक कसून तपासा, नापास करायचं तर नापास करा, पण चोरून होणारं काम उजेडात येऊ दे.

तोपर्यंत तुम्ही एक करा, पुढच्या वेळी असा लेख छापताना शाफ्ट, वायरिंग आणि आरटीओ या तिन्हीचा खर्च शेजारी चौकटीत द्या.

आपला,
एक लेथवाला वाचक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर