व्हेर्चेल्लीच्या तालमीची गोष्ट

व्हेर्चेल्ली, इटली

तीर्थरूप आबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

आबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडं मॅच बघतेस का नाही?" मी नुसतं "बघते" म्हणाले आणि आईनं फोन घेतला. पण ते एका शब्दात सांगायचं नव्हतंच. आज रविवार आहे, गिरणी बंद आहे, म्हणून निवांत लिहायला बसलेय.

इथं सध्या भाताच्या खाचरांत पाणी सोडलंय. गावाबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना पाणीच पाणी, मधे बांधांच्या रेघा. इथली माणसं त्याला चौकटींचा समुद्र म्हणतात. हवा स्वच्छ असली की त्या पाण्यात मोंते रोझा डोंगराचं बर्फ दिसतं. सगळ्या युरोपात भाताचं म्हणून ओळखलं जाणारं गाव हे. आई, इथं तांदूळ आणि घेवड्याचा पानिस्सा म्हणून एक घट्ट भात करतात. त्यात डुकराचं सॉसेज घालतात. मी ते न घालता केला आणि वरून आपला कांदा-लसूण मसाला टाकला. फार छान लागला.

आता फुटबॉलचं. लोकवस्ती पन्नास हजारांच्या आतली. आपल्या कोल्हापूरपुढं हे गाव म्हणजे दोन-तीन पेठा. आणि या गावाच्या प्रो व्हेर्चेल्ली क्लबनं इटलीचं अजिंक्यपद सात वेळा जिंकलंय. सात! रोमच्या किंवा नेपल्सच्या कुठल्याही क्लबाला अजून तो आकडा गाठता आलेला नाही. मी इथं आले तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. आमच्या वरच्या मजल्यावर एक आजोबा राहतात, रेल्वेतून निवृत्त झालेले. मी कोल्हापूरची, आमच्याकडं तालमींच्या फुटबॉल टीम असतात, असं त्यांना मोडक्या इटालियनमध्ये सांगितलं, तर ते एकदम खुर्ची ओढून बसले. तालमीची टीम म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावंच लागलं नाही.

कारण प्रो व्हेर्चेल्ली मुळात फुटबॉलचा क्लब नव्हेच, आबा. ती व्यायामशाळा. नावाचा अर्थ एवढाच, 'व्हेर्चेल्लीसाठी'. बिल्ल्यावर १८९२ साल आहे आणि फुटबॉल आला १९०३ ला. आधी जिम्नॅस्टिक्स, तलवारबाजी, अंगमेहनत, आणि चेंडू मागाहून. आपल्या खंडोबा, पाटाकडील, दिलबहार या तालमींचं असंच ना? आधी लाल माती, मग मैदान.

चेंडू आणणारा मार्चेल्लो बेर्तिनेत्ती तलवारबाज होता आणि तेव्हा जेमतेम १८ वर्षांचा. ट्यूरिनला सामना बघून आला आणि तेच डोक्यात घेऊन बसला, असं इथं सांगतात. स्वतः खेळलाही. पुढं डॉक्टर झाला, पण तलवार सोडली नाही. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सांघिक रौप्य, १९२४ ला पॅरिसमध्ये सुवर्ण, १९२८ ला ॲमस्टरडॅममध्ये पुन्हा सुवर्ण. त्याचा मुलगा फ्रांको यानं १९५२ आणि १९५६ ला सांघिक सुवर्ण मिळवलं. एका घरात चार सुवर्णपदकं! आजोबा हे सांगताना चार बोटं वर करून धरतात आणि बराच वेळ खाली घेत नाहीत.

त्या काळी इटलीतल्या मोठ्या शहरांच्या संघांत इंग्रज आणि स्विस खेळाडू असत. व्हेर्चेल्लीकडं होती ती आपली गावातली पोरं, पण व्यायामशाळेत घाम गाळलेली. समोरचे दमले तरी यांची धाव तशीच. पांढरी जर्सी. १९०८, १९०९, १९११, १९१२, १९१३, म्हणजे सहा हंगामांत पाच अजिंक्यपदं. १ मे १९१३ ला इटली बेल्जियमविरुद्ध खेळली तेव्हा देशाच्या अकरांतले नऊ जण या एका व्यायामशाळेचे होते. कल्पना करा आबा, भारताच्या टीममध्ये नऊ जण एकाच तालमीचे.

मधलं १९१० साल सुटलंय, ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. तीच गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

त्या वर्षी प्रो व्हेर्चेल्ली आणि मिलानचा इंटर यांचे गुण सारखे झाले. निर्णायक सामना ठरला व्हेर्चेल्लीलाच, २४ एप्रिलला. पण इथले काही खेळाडू त्याच दिवशी सैन्याच्या स्पर्धेत अडकलेले. तारीख पुढं ढकला म्हणून क्लबनं विनंती केली, ती फेटाळली गेली. मग यांनी काय करावं? व्यायामशाळेतली लहान पोरं मैदानात उतरवली. दहा-बारा वर्षांची, मोठी म्हणजे पंधराची. समोर इंटरचे थोराड गडी. निकाल १०-३. इंटरचं ते पहिलं अजिंक्यपद. वर महासंघानं व्हेर्चेल्लीवर बंदी घातली, आणि १५ मे ला इटलीचा राष्ट्रीय संघ इतिहासातला पहिला सामना फ्रान्सशी खेळला तो व्हेर्चेल्लीच्या एकाही खेळाडूशिवाय.

आजोबा हे अभिमानानं सांगतात. आम्ही वाकलो नाही, असा त्यांचा सूर. मला ते पूर्ण पटत नाही. तारखेवर अडून बसणं चुकीचंच होतं आणि व्हेर्चेल्लीचा राग खरा होता, पण तो राग पोरांच्या अंगावर का काढायचा? दहा गोल खाताना त्या गोलीचं काय झालं असेल? तरीसुद्धा त्या पोरांनी तीन गोल मारले, आबा. मोठ्या माणसांना तीन गोल. ते मात्र मला फार आवडलं.

मग महायुद्ध झालं. नंतर १९२१ आणि १९२२ ची अजिंक्यपदं आली आणि तिथून उतार लागला. खेळ कागदोपत्री हौशी होता, पण पैसा मागच्या दारानं आत येऊ लागलेला. व्हिर्जिनिओ रोझेत्ता, याच गावात जन्मलेला बॅक, १९२३ ला ट्यूरिनच्या युव्हेंतुसकडं गेला. केवढा गहजब झाला! तो खेळला त्या सामन्यांचे गुण युव्हेंतुसला गमवावे लागले, पण रोझेत्ता काही परत आला नाही. त्याला तरी दोष कसा द्यायचा, पोट सगळ्यांनाच आहे. आपल्याकडंही शेजारच्या पेठेनं पोरगं पळवलं की तुम्ही दोन दिवस जेवताना बोलत नाही, त्याची आठवण झाली.

तरी या मातीतून एक हिरा निघालाच. सिल्व्हिओ पिओला. १९३० ला, सतराव्या वर्षी इथं खेळायला लागला. १९३३ ला फिओरेंतिनाविरुद्ध एका सामन्यात सहा गोल. १९३४ ला तोही रोमच्या लात्सिओकडं गेला आणि पुढच्याच वर्षी प्रो व्हेर्चेल्ली वरच्या वर्गातून खाली घसरली, ती आजतागायत परत तिथं पोचलेली नाही. पिओलानं १९३८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दोन गोल मारले. इटलीच्या सेरी आ मध्ये, म्हणजे सगळ्यांत वरच्या वर्गात, त्याचे २७४ गोल आहेत आणि अजून कुणी त्याच्या पुढं गेलेलं नाही. इथल्या स्टेडियमला त्याचं नाव आहे. गंमत म्हणजे शेजारच्या नोव्हाराच्या स्टेडियमलाही त्याचंच, कारण शेवटची वर्षं तो तिथं खेळला. दोन्ही गावांचं एकमेकांशी जमत नाही, आपल्या पेठांसारखंच, पण पिओलावर हक्क दोघांचाही.

पुढची बरीच वर्षं खालच्या वर्गांतच गेली. २०१० ला तर क्लब पैशावाचून बंद पडला. गावातल्याच दुसऱ्या क्लबानं, प्रो बेल्वेदेरेनं, नाव आणि वारसा आपल्याकडं घेतला म्हणून पांढरी जर्सी राहिली. २०१२ ला ६४ वर्षांनी दुसऱ्या वर्गात चढली तेव्हा आजोबा रस्त्यावर रडले, असं त्यांची बायको सांगते. सध्या पुन्हा तिसऱ्या वर्गात.

गेल्या रविवारी त्यांच्याबरोबर गेले होते. छोटं स्टेडियम, निम्म्याहून जास्त रिकामं. आजोबा बसायला वर्तमानपत्र घडी करून आणतात, माझ्यासाठीही एक आणलेलं. सामना सुरू झाल्यावर ते बोलत नाहीत. डाव्या बाजूनं एक कोवळं पोरगं पळत होतं, त्याचा प्रत्येक पास बरोबर गेला की ते स्वतःच्या गुडघ्यावर हळूच थाप मारायचे. अगदी तुमच्यासारखी, आबा. मला शाहू स्टेडियमच आठवलं, फक्त आरडाओरडा आपल्याकडं दसपट. सामना बरोबरीत सुटला.

परतताना मी त्यांना १९१३ चा संघ विचारला. अकराच्या अकरा नावं त्यांनी चालता चालता म्हटली, गोलीपासून. मग १९१० ची पोरं विचारली. ते थांबले. एकही नाव आठवेना. घरी पोचेपर्यंत गप्प होते.

म्हणून एक काम सांगते. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आपल्या तालमीच्या टीमचा फोटो आहे, ज्यात तुम्ही खाली बसलेल्यांत डावीकडून तिसरे आहात. मागं काही लिहिलेलं नाही, मी बघितलंय. कोण कुठं उभा आहे, कोणत्या गल्लीतला, कुठल्या जागेवर खेळायचा, सगळं लिहून काढा. तुमच्या टीमपैकी अजून जे आहेत त्यांना संध्याकाळी बोलवा, आई चहा करील, एकाला नाही आठवलं तर दुसऱ्याला आठवेल. बदली म्हणून बाहेर बसणारी पोरंही विसरू नका. आणि पेन्सिलीनं लिहा, शाई पुढच्या बाजूला फुटते.

तुमची,
धाकटी