मुख्यमंत्री साहेब, चार्जिंग स्टेशन मोजण्याआधी तिथे एकदा ट्रेलर वळवून बघा

मा. देवेंद्र फडणवीस साहेब,
मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी चाकणला ट्रान्सपोर्टचा व्यवसाय सांभाळते. सासऱ्यांनी एका डिझेल ट्रकवर सुरू केलेला धंदा आज पाच गाड्यांवर आला आहे. त्यातली एक गाडी इलेक्ट्रिक आहे, हिरव्या नंबरप्लेटची, ४० फुटी ट्रेलर ओढणारी. तिची रोजची लाईन चाकण ते न्हावाशेवा. या लाईनवर माझी काहीच तक्रार नाही. जायचं-यायचं अंतर ठरलेलं, दोन्ही टोकांना चार्जिंगची सोय लावून घेतलेली. डिझेलच्या गाडीपेक्षा किलोमीटरमागे खर्च कमी येतो आणि ड्रायव्हर काका म्हणतात, रात्री घरी गेल्यावर कानात घरघर राहत नाही.

हे पत्र लांबच्या फेरीबद्दल आहे. गेल्या हिवाळ्यात नागपूरजवळच्या बुटीबोरीचं भाडं आलं. रिटर्नचा मालही तिथूनच मिळणार होता, म्हणून मी इलेक्ट्रिक गाडी पाठवायचं ठरवलं. चाकणहून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर करत शिर्डी, आणि तिथून समृद्धीने नागपूर. सगळं मिळून सातशे किलोमीटर. आपल्या गावाचा रस्ता आहे, आपल्याला मी काय सांगणार.

थांबे ठरवणं माझं काम. आमच्या गाडीची बॅटरी साधारण २८० युनिटची. गाडी आणि माल मिळून ४० टन असले तर सपाट रस्त्यावर किलोमीटरला सव्वा ते दीड युनिट लागतं. बॅटरी २० टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही हा काकांचा नियम आहे आणि तो बरोबर आहे, कारण रस्त्यात बंद पडलेली भरलेली गाडी ओढून न्यायला येणारा खर्च त्या फेरीच्या भाड्याहून जास्त होतो. म्हणजे एका भरण्यात खात्रीने १४० किलोमीटर. त्या हिशोबाने कागदावर चार थांबे आले. मी अ‍ॅपवर बघितलं तर रस्त्याकडेला भरपूर हिरव्या खुणा दिसत होत्या. मला वाटलं, जमेल.

प्रत्यक्षात सात ठिकाणी थांबावं लागलं, आणि त्यातल्या तीन ठिकाणी एक युनिटही वीज मिळाली नाही.

पहिल्याच ठिकाणी चार्जर पंपाच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून होता. समोर मोटारीसाठी पिवळे पट्टे मारलेले दोन खण. आमची गाडी ट्रेलरसकट १६ मीटर. ती आत घातली तर डिझेलच्या रांगेचं तोंड बंद होतं, आणि बाहेर काढायची तर हायवेवर उलटी घ्यावी लागते. पंपवाल्याने हात जोडून नाही म्हटलं. त्याची काही चूक नव्हती. दुसऱ्या ठिकाणी काकांनी ट्रेलर सोडून नुसता घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारा पुढचा भाग, आत नेला. दोन तास भरलेला ट्रेलर रस्त्याच्या कडेला अंधारात उभा, आणि काका चार्जरपाशी न बसता ट्रेलरपाशी टॉर्च घेऊन उभे, मागून येणाऱ्या गाड्यांना दाखवत.

रात्री दोनच्या सुमाराला त्यांचा फोन आला. जालन्याच्या पुढे होते. चार्जरवर १२० किलोवॅट लिहिलेलं, पण शेजारच्या गनला, म्हणजे गाडीत लावायच्या चार्जरच्या टोकाला, एक मोटार लागली होती, त्यामुळे आमच्या वाट्याला ६० येत होते. पैसे भरायला वेगळं अ‍ॅप, त्या अ‍ॅपचं वॉलेट माझ्या नंबरवर, ओटीपी चाकणला. मी तो सांगायचा, त्यांनी तो टाकायचा. चार्जिंग सुरू झालं आणि चाळीस मिनिटांनी आपोआप बंद पडलं. तिथला मुलगा म्हणाला, व्होल्टेज पडलंय, थोडं थांबा. पुन्हा ओटीपी. असं पहाटे पाचपर्यंत तीन वेळा झालं. मी उशाशी फोन घेऊन बसले होते आणि काका केबिनमध्ये जागे होते, कारण गन कधी बंद पडेल याचा नेम नव्हता. सकाळी त्यांना तशाच डोळ्यांनी पुढे गाडी चालवायची होती. मी त्यांना तीन तास झोपायला लावलं आणि माल घेणाऱ्याला उशीर होणार असल्याचं कळवलं. त्याने भाड्यातून कापले ते पैसे मी सोसले. पण जागरण झालेल्या माणसाच्या हातात ४० टन देण्याची वेळ पुन्हा येऊ नये, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

साहेब, नियमांमध्ये आमचा विचार झालेला आहे हे मला माहीत आहे. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत महामार्गावर दर २० किलोमीटरला चार्जिंग स्टेशन आणि ट्रक-बससारख्या जड गाड्यांसाठी दर १०० किलोमीटरला दोन्ही बाजूंना फास्ट चार्जिंग असावं असं म्हटलं आहे. आपल्या सरकारच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला सोय करायचं ठरलं आहे. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत इलेक्ट्रिक ट्रकसाठी ५०० कोटी रुपये ठेवले आहेत, एका गाडीला जास्तीत जास्त ९ लाख ६० हजारांची सवलत आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आमच्याच चाकणला आपण बॅटरी बदलता येणाऱ्या ट्रकचं अनावरण केलंत, तेव्हा आमच्या अड्ड्यावर दिवसभर तोच विषय होता. मोठ्या कंपन्यांना ठरलेल्या लाईनवर बॅटरी बदलणं सोयीचं पडेलच. पण ज्याची गाडी आज नागपूरला, परवा सोलापूरला, भाडं मिळेल तिकडे जाते, त्याला रस्त्यावरच्या गनशिवाय पर्याय नाही.

आणि गन मोजताना आज मोटारीची आणि ट्रकची एकाच खात्यात मोजली जाते. माझं सगळं म्हणणं एवढ्यात आलं. ज्या ठिकाणी १६ मीटरची भरलेली गाडी ट्रेलर न सोडता आणि उलटी न घेता आत येऊन, चार्ज होऊन, समोरून बाहेर पडू शकत नाही, ते ठिकाण ट्रकचं चार्जिंग स्टेशन म्हणून मोजू नका. डिझेलच्या पंपावर गाडी एका बाजूने येते, भरते, दुसऱ्या बाजूने निघते. आमच्यासाठी तसंच छत, तशीच लेन हवी. गनची केबलही लांब हवी, कारण ट्रकचं सॉकेट मोटारीसारखं कोपऱ्यात नसतं. आमच्या गाडीचं केबिनच्या मागे आहे, बाजूला. बऱ्याच ठिकाणी केबल तिथपर्यंत हातभर कमी पडते. काकांनी आता ताडपत्रीच्या दोरीला गाठी मारून ठेवल्या आहेत. एक गाठ गाडीच्या लांबीची, एक वळायला लागणाऱ्या जागेची, एक केबलची. नव्या ठिकाणी आधी ते उतरून दोरी टाकतात आणि मग गाडी आत घ्यायची की नाही ते ठरवतात.

मोटारवाल्याला न जाणवणारी दुसरी गोष्ट घाटाची. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत रस्ता जवळपास साडेपाचशे मीटर वर चढतो. ४० टन वजन तेवढं वर न्यायला नुसत्या चढाईची ६० युनिट लागतात, रस्त्याचं अंतर त्यात धरलेलंच नाही. म्हणजे आमच्या बॅटरीचा पाचवा हिस्सा एका घाटात जातो. कसारा घाटाची चढण तीनशेच्या आसपास, तिथे ३३ युनिट. नाशिक रस्त्यावरचा चंदनापुरी घाट त्या मानाने लहान, पण थंडीत पूर्ण माल घेऊन चढताना काट्याकडे बघवत नाही. उतरताना यातली काही वीज परत मिळते, मोटर उलटी काम करते, बॅटरी भरते आणि ब्रेकवरचा ताण कमी होतो. पण हे केव्हा, तर बॅटरीत जागा असेल तेव्हा. वरच्या टोकाला बॅटरी गच्च भरून कोणी घाट उतरायला लागला तर ती वीज घ्यायला जागाच नाही, सगळा भार ब्रेकवर. म्हणून ट्रकचं चार्जिंग घाटाच्या पायथ्याला हवं. चढणाऱ्याला तिथे भरून घेता येतं, उतरणाऱ्याला उतारावर मिळालेल्या विजेवर पुढे जाता येतं. मोटारींसाठी जागा निवडताना हॉटेल कुठे आहे ते बघितलं तर चालतं, ट्रकसाठी आधी चढण बघावी लागते. खोपोली-खालापूरचा पट्टा, कसारा, खंबाटकीच्या दोन्ही बाजू, एवढी ठिकाणं जरी पहिल्या टप्प्यात घेतलीत तरी पश्चिम महाराष्ट्रातल्या आमच्यासारख्या कितीतरी गाड्यांचं गणित बसेल.

समृद्धीचं वेगळं आहे. ७०१ किलोमीटरचा रस्ता, कुंपणातला. चार्जिंगसाठी इंटरचेंजवरून बाहेर पडायचं आणि पुन्हा आत यायचं म्हणजे वेळ आणि बॅटरी दोन्ही जातात. तेव्हा ट्रकची सोय रस्त्याच्या आत हवी आणि दोन्ही बाजूंना हवी, कारण मधे ओलांडता येत नाही. शिर्डी ते नागपूर ५२० किलोमीटर. तेवढ्यात जालना, मेहकर, कारंजा आणि वर्धा अशा चार ठिकाणी प्रत्येक बाजूला २४० किलोवॅटच्या चार लेन असल्या तरी पुरे. माझा हिशोब असा, की २० टक्क्यांवरून ९० टक्क्यांपर्यंत यायला आम्हाला दोनशेला थोडी कमी युनिट लागतात. ६० किलोवॅटवर त्याला सव्वातीन तास, २४० वर तासाच्या आत. चार थांब्यांना तेरा तास की चार तास, यावर या धंद्यात इलेक्ट्रिक गाडी टिकणार की नाही ते ठरतं.

चार लेन एकाच वेळी पूर्ण जोराने चालल्या तर जवळजवळ एक मेगावॅट. त्याला उच्चदाबाची जोडणी आणि स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर लागणार. ऊर्जा खातंही आपल्याकडेच आहे, म्हणून हे पत्र आपल्याला. समृद्धीच्या बाजूच्या गावांत शेतीपंपांना जी वीज रात्री मिळते तिच्या वाट्यात आम्हाला यायचं नाही. आमच्यामुळे कुणाचा पंप बंद पडला तर गावकरी चार्जर चालू देणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर असेल. केंद्राच्याच सूचनांत सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळात चार्जिंगची वीज स्वस्त आणि इतर वेळी महाग धरायची तरतूद आहे. दर खरोखर तसा गनवर दिसला तर मी गाड्या दिवसा चार्ज होतील अशाच वेळेला काढीन. आज स्टेशनवाला दिवसरात्र एकच दर लावतो, वर १८ टक्के जीएसटी.

टोलचं थोडक्यात लिहिते. अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवरची टोलमाफी इलेक्ट्रिक मोटारींना आणि बसना मिळाली, मालाच्या गाड्यांना नाही. डिझेलचे ट्रक एकूण वाहनांत ३ टक्के आणि वाहतुकीतून निघणाऱ्या हरितगृह वायूंत त्यांचा वाटा ४२ टक्के, असं पीएम ई-ड्राइव्हची ट्रक योजना जाहीर करताना केंद्र सरकारनेच सांगितलं होतं. मग माफीच्या यादीत ट्रक आधी यायला हवा होता. तरीही माफी आणि लेन यांतलं एकच देता येणार असेल, तर लेन द्या. टोल भरून गाडी पोचते तरी.

ड्रायव्हरबद्दल लिहिल्याशिवाय मला हे पत्र संपवता येत नाही. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा, २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको, मधे किमान अर्धा तास विसावा द्या, असं त्यात पहिल्यापासून होतं. किती जणांना तो विसावा मिळतो हे आपल्याला कुठल्याही ढाब्यावर कळेल. इलेक्ट्रिक गाडीत तो विसावा आपोआप मिळण्यासारखा आहे, कारण गाडीलाच तासभर थांबावं लागतं. त्या तासात ड्रायव्हरला आंघोळ करता आली, गरम जेवता आलं, पाठ टेकता आली, तर पुढचे दीडशे किलोमीटर सगळ्यांसाठीच सुरक्षित होतात. त्यासाठी चार्जिंग सुरू झाल्यावर त्याला गाडी सोडून निर्धास्त जाता आलं पाहिजे. आवारात दिवे, राखणदार, स्वच्छ संडास, पाणी, आणि फास्टॅगसारखं गन लावली की पैसे कापले जातील अशी सोय. सगळ्या चार्जरसाठी एकच अ‍ॅप करायचं काम केंद्राने भेल या सरकारी कंपनीकडे दिलं आहे. त्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक ठिकाणापुढे 'ट्रेलर आत जातो' एवढी एक खूण आणि गन आत्ता चालू आहे की बंद हे खरं-खरं दिसावं, असा आग्रह राज्याने धरावा. ती एक खूण त्या रात्री असती तर आमचे तीन थांबे वाचले असते.

काकांनी त्या फेरीपासून एक वही केली आहे. ठिकाण, दोरीने मोजलेली लांबी, केबल पोचते का, खरी किती किलोवॅट मिळाली, संडास आहे का, रात्री दिवा आहे का. आतापर्यंत २३ ठिकाणांची नोंद झाली आहे. तिची झेरॉक्स या पत्रासोबत आपल्या कार्यालयात देते आहे. बुटीबोरीचं भाडं आता महिन्यातून दोनदा येतं आणि गाडी पुन्हा निघणार आहे. आपल्या खात्यातल्या एखाद्या अभियंत्याला काकांच्या शेजारी बसून नागपूरपर्यंत यायचं असेल तर केबिनमध्ये जागा आहे. दोरीचं एक टोक धरायला माणूस लागतोच.

आपली विश्वासू,
चाकणची एक ट्रान्सपोर्ट व्यावसायिक